विहिरीकडचा गोल

सोयाबीन निघालं की आमच्या मोकळ्या रानात फुटबॉल सुरू व्हायचा. एका गोलाच्या मागं थेट विहीर होती. चेंडू आत पडला तर गोलकीपरनंच उडी मारून काढायचा, असा नियम. त्यामुळं तिथं पोहणाराच उभा राहायचा.

मी पाचवीत होते. मुलगी म्हणून पोरं मला खेळात घेत नसत, त्याचा मला भयंकर राग यायचा. एकदा त्यांचा गोलकीपर मामाच्या गावाला गेला, तेव्हा थोरल्या चुलतभावानं नाइलाजानं विचारलं, "तुला पवाय येतं का गं?"

"व्हय, लई भारी!" मी ठोकून दिलं.

मग काय! चेंडू समोरून आला की मला पाठीमागची विहीर आठवायची. ढेकळांवर आपटले, गुडघे सोलले, ओठ फुटला, पण एकही गोल होऊ दिला नाही. दहावीपर्यंत ती जागा माझीच राहिली.

यंदा दिवाळीत भाऊ त्याच्या पोरांना कौतुकानं सांगत होता, "तुमच्या आत्यासारखा गोलकीपर गावात झाला न्हाय. विहिरीत उडी मारायची वेळच आली न्हाय तिच्यावर!"

मी गुपचूप चकली खात राहिले. पोहायला मला अजूनही येत नाही.