तक्रार नसलेला साहेब

ती दुपार अजूनही डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्याकडे तेव्हा दवनीवाड्याच्या बाजूचे एक ठाणे होते. धानाची कापणी जोरात होती, गावे शेतात गेलेली, ठाणे शांत. म्हणजे आमच्या एका जुन्या हवालदारांचा आवाज सोडून शांत. गणवेश चढवल्यापासून उतरवेपर्यंत बदली, नामंजूर रजा आणि क्वार्टरचे गळके छप्पर यांचे रडगाणे ते गात असत. माझे कान किटून गेले होते.

तेवढ्यात एक टँकरचालक आला. एका मोठ्या तेल कंपनीचे डिझेल पंपांवर पोचवण्यात त्याची उमर गेली होती.

"साहेब, पोरीले नोकरी लागली मन्ते. कंपनीचा साहेब घरी येऊन सांगून गेला. आजच्या गाडीनं तिले अन गावच्या आणखी तिघींले ट्रेनिंगले घेऊन जाऊन राहिला."

"मग पेढे घेऊन यायचे. ठाण्यात कायले आलात?"

"आमच्या कंपनीत कोणी घरी येऊन नोकरी देत नाही जी. मी इतके वर्सं डेपोत जातो, मले अजून कोणी चहा नाही पुसला."

फिर्याद नव्हती, गुन्हा घडलेला नव्हता. पण बापाचे बोलणे मनाला पटले. स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि गोंदिया स्टेशनकडे निघालेली त्यांची जीप अडवून साऱ्यांना चौकशीसाठी ठाण्यात आणले.

माणूस छाप पाडणारा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणे लोण्यासारखे. कंपनीच्या कार्यालयात फोन लावला तर सुट्टीचा दिवस, एकटा चौकीदार; त्याच्याकडे निरोप ठेवला. इकडे त्या चालकाची मुलगी माझ्यावरच तुटून पडली.

"गाडी चुकली अन नोकरी गेली तं तुमी देसाल का साहेब? अन बाबा, तुमाले माझं चांगलं काऊन पाहवत नाही?"

माझी पंचाईत झाली. सोडावे, तर चार पोरी कुठे जातील ठाऊक नाही. अडवावे आणि माणूस खरा निघावा, तर तिच्या तोंडचा घास मी काढलेला.

मी कंपनीबद्दल विचारले. गडी घडाघडा बोलू लागला. तेलविहिरी, शुद्धीकरण कारखाने, पाइपलाइन, स्वयंपाकाचा गॅस, आता सौरऊर्जा, तरुणांना केवढी संधी! एकही शब्द अडखळला नाही. मला तर स्वतःच अर्ज करावासा वाटला.

हवालदार चहा घेऊन आले. समदुःखी भेटल्यासारखे त्याच्याजवळ टेकले. "साहेब, तुमच्याकडंही बदल्यांचा लय तरास असन न जी?"

"छे! आमच्याकडे कसलाच त्रास नाही."

हवालदारांनी कप तसाच टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. माझ्याही डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नोकरदार माणूस आपल्या कंपनीचा इतिहास सांगत बसत नाही, तो बदलीचे रडतो. मी तेवढेच विचारत गेलो. वरिष्ठ कसे? उत्तम. रजा? मागेल तेव्हा. क्वार्टर? एकदम छान. कॅन्टीन? घरच्यासारखे. एवढी सुखाची नोकरी मी आयुष्यात कुणाची ऐकली नव्हती. त्याला बसवून ठेवले. गाडी पोरींशिवाय गेली.

संध्याकाळी कंपनीच्या एका अधिकाऱ्याचा उलट फोन आला. असा माणूस त्यांच्याकडे नव्हताच. मग कबुली यायला वेळ लागला नाही. चौघींना परराज्यातल्या एका कारखान्यात कोंडून राबवायला नेणार होता. त्याच्या बॅगेतून मुलींच्या मूळ गुणपत्रिका निघाल्या. पंचनामा करून त्याला अटक केली.

ती मुलगी बापाच्या डिझेलचा वास मारणाऱ्या शर्टात तोंड खुपसून ढसाढसा रडली. बाप तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

गुन्हेगार ओळखायला फार हुशारी लागते असे मी समजत होतो. त्या दिवशी कळले की साध्या माणसांची कुरकूरही नीट ऐकावी लागते. त्या बापाचे माझ्यावर उपकार आहेत, तो वेळेवर आला. आणि हवालदारांचे तर फारच. त्यानंतर मी त्यांना कधी गप्प केले नाही.

मुलगी जिद्दीची निघाली. पुढे रीतसर परीक्षा देऊन त्याच कंपनीच्या गॅस भरण्याच्या कारखान्यात लागली. पेढे घेऊन आली तेव्हा पाया पडली. मी निवृत्त झालो, हवालदार वारले. परवा तिचा फोन आला.

"काय बाई, नोकरी कशी चालली?"

"कायची नोकरी साहेब! घरापासून लांब बदली करून ठेवली. रजा मांगतली तं साहेब तोंड वाकडं करते. अन कॅन्टीनचा भात? आपल्याकडं ढोरंही नाही खातीन जी!"

ती बोलतच राहिली. मी मध्ये एकदाही अडवले नाही. डोळे भरून आले होते, आणि हवालदारांनी हे ऐकायला हवे होते.