हात लावण्याआधी

वरच्या मजल्यावरची ती मुलगी कॅथलिक नन चालवतात त्या कॉलेजात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वॉर्डातली ड्यूटी करून पीएमटीच्या बसमध्ये उभ्याउभ्या झोप काढत घरी येते आणि कठडा धरून जिना चढते. तरी आधी आमच्याकडे वळायची, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी.

"आजी, आता कूस बदलते हं," असं सांगून मगच हात लावायची.

"अगं, त्यांना ऐकू येत नाही," मी एकदा वैतागून म्हटलं. मीही थकलेलीच होते.

"माहितीये काकू. पण न सांगता पेशंटला हात लावला की सिस्टर रागावतात."

परवा सासूबाई गेल्या. ती ड्यूटीवरून तशीच आली, कोमट पाण्यात टॉवेल पिळला आणि वाकली.

"आजी, आता तोंड पुसते हं."

त्यांना ऐकू येत नाही, असं या वेळी मी म्हटलं नाही.