खोकल्याच्या आधी

चेन्नईत आमच्या घराजवळच्या तरणतलावात दर रविवारी तान्ह्या मुलांचा आणि आईबापांचा पोहण्याचा वर्ग असतो. मी लेकीला घेऊन जायचे. तिथे एक बाई आपल्या बाळाला घेऊन यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पाण्यात उतरण्याआधी त्या कानांतली दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवत. मग त्यांना काहीच ऐकू येत नसे. शिकवणाऱ्या मॅडमच्या खुणांकडे बघत त्या बाळाला पाण्यात झुलवत. एक तळवा मात्र कायम त्याच्या छातीखाली.

त्या रविवारी मुलांना पहिल्यांदाच पाण्याखाली न्यायचं होतं. मॅडमनी खूण केली. बाई बाळाला खाली नेणार, तेवढ्यात मॅडम ओरडल्या, "वेंडाम! वेंडाम!" म्हणजे नको, नको. बाळाच्या तोंडात पाणी गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. आम्हीही ओरडलो, पण बाईंची आमच्याकडे पाठ होती.

बाई मात्र आधीच थांबल्या होत्या. त्यांनी बाळाला उचलून खांद्यावर टाकलं आणि मग ते खोकलं.

काठावर त्यांनी यंत्रं लावल्यावर मी मोडक्या तमिळमध्ये विचारलं, "अक्का, तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी माझा हात धरून माझ्याच लेकीच्या छातीवर ठेवला. म्हणाल्या, "सगळं आधी इथे येतं. तुमच्या कानांपर्यंत नंतर पोचतं."

लेक तेव्हा हसायच्या बेतात होती. आवाज फुटायच्या आधीच तिचं हसू माझ्या तळव्याला लागलं.