शेवाळ्यांचा साधा कॉल

शेवाळ्यांना कुणीही हाक मारली की मान वर न करता ते विचारत, "साधा का लाइटनिंग?" जेवायला बोलावलं तरी हेच. एकदा घरून निरोप आला, म्हैस व्यायला झाली आहे, मालकीणबाईंनी ताबडतोब बोलावलंय. "ताबडतोब ह्ये म्हशीचं म्हननं, का तिचं?" एवढं विचारून त्यांनी सायकल काढली.

ट्रंक कॉलचे तेव्हा वर्ग असत: साधा, अर्जंट आणि सगळ्यांच्या आधी लागणारा लाइटनिंग. लष्कराच्या सिग्नल विभागातून सुटून शेवाळे सातारच्या ट्रंक बोर्डावर बसले आणि पुढे सांगलीच्या एक्स्चेंजमध्ये माझ्या हाताखाली आले. "वरडतोय त्यो साधा असतोय, साहेब," ते मला सांगत. "दमानं बोलतोय, त्याचा आदी लावावा."

मग इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. यंत्राला आवाज कळत नाही, आकडे कळतात. लाइनी तुंबल्या तर कुणाचा कॉल आधी सोडायचा, हे आम्हीच त्यात भरून द्यायचं होतं. कलेक्टर, पोलीस, धरण, मिरजेचे दवाखाने पहिल्या वर्गात. शेवाळे एका बोटाने नंबर भरत होते. मी पडद्यावर पाहिलं.

"शेवाळे, दवाखान्यांत हे तंबोऱ्याचं दुकान कसं?"

"त्यो पीपी नंबर हाय."

शेजाऱ्याचा फोन आपला म्हणून द्यायचा, त्याला पीपी म्हणत. "गावाकडची मानसं दवाखान्यासमोरच्या चाचांच्या दुकानात फोन करत्यात," शेवाळे म्हणाले. "चाचा निरोप वॉर्डात नेत्यात. रगात देनारा निघाला का न्हाई, पेशंटला तितनंच कळतंय. दवाखान्याचा फोन कोन उचलतंय?"

मी हसलो, राहू द्या म्हणालो आणि मंजुरीची सही केली.

पुढे कोयनेला धक्का बसला आणि सगळ्यांनी एकदम फोन उचलले. धक्का लहान होता, चौकशी मोठी झाली. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांचा कॉल लागेना. ऑपरेटरने चालू लाइन तपासायला कान लावला, तर आत षड्ज. चाचा पुण्याच्या गिऱ्हाइकाला तंबोऱ्याच्या जवारीचा झंकार ऐकवत होते. भूकंप त्यांना जाणवला नव्हता. तारा जरा जास्त बोलतायत एवढंच वाटलं होतं, आणि त्याबद्दल ते खूष होते.

वरून साहेब आले. "तंबोऱ्याचं दुकान पहिल्या वर्गात कुणी घातलं?"

"मी," शेवाळे म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?" साहेबांनी मला विचारलं.

"नोंदी फार होत्या," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर शेवाळे म्हणाले, "बरं झालं. एकावर भागलं." त्यांची निवृत्ती जवळ आली होती, सांगलीत घर बांधायला काढलं होतं. बदली कोयनानगरला झाली.

त्यानंतर खात्यात पसरलं, की शेवाळ्यांनी त्या नंबराच्या मोबदल्यात चाचांकडून तंबोरा घेतला. चहाला कुणी ते सांगितलं की सगळे हसत. मीही हसे. त्यांच्या घरी मी गेलो होतो. तिथे भिंतीला टेकून एक शिडी उभी होती, बाकी काही नाही.

कोयनानगरहून त्यांचा अधूनमधून फोन येई. "साधाच हाय, साहेब. सवडीनं तेवढं तंबोऱ्याचं सांगा कुनाला तरी. लेकीच्या सासरपतुर गेलंय. तिची सासू तिला भजन म्हन म्हनती."

सांगतो, मी म्हणे.

एकदा मी मीटिंगमधून आलो, तर शिपाई म्हणाला, "शेवाळ्यांचा फोन होता. लय दमानं बोलत होते. साधा आहे म्हणाले." त्याने कागदावर नंबर लिहिला होता, पुढे पीपी. मी दुसऱ्या दिवशी लावला. पलीकडे कुणीतरी तंबोरा जुळवत होतं.

"शेवाळे आहेत का?"

"वॉर्डात होते, साहेब," चाचा म्हणाले. "आज सकाळी गेले. काल धरून धरून इथवर आणलं मी त्यांना. म्हणाले, स्वतःच बोलतो." मग म्हणाले, "लेक आलीय त्यांची. काही निरोप असेल तर नेतो."

"नाही," मी म्हणालो. "साधाच कॉल होता."

निरोप होता. शेवाळ्यांनी तंबोरा घेतला नव्हता. ते दुकान तिथे का घातलं हे मला ठाऊक होतं, आणि सही माझी होती.