काकटेल आबा

आबांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता, आणि अख्ख्या पंचक्रोशीत त्यांचं नाव पडलं होतं काकटेल आबा. पलटणीच्या मेसमध्ये बावीस वर्षं त्यांनी गोऱ्या साहेबांचे पेले भरले. न चाखता कसं जमायचं, असं कुणी विचारलं की ते नाकावर बोट ठेवायचे. "चव ह्येनं घ्यायाची. जीभ लाचावती, नाक लाचावत न्हाई." खरबुजाचंही तेच. उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी उतरलं की वाळूत खरबुजांच्या वाड्या लागायच्या. आबा तिथं जाऊन फळ उचलायचे, देठाकडून हुंगायचे आणि परत ठेवायचे. वाडीवाला वैतागायचा. "आबा, घ्यायाचं तर घ्या की! लगीन ठरवायला आलाय व्हय?" आबा दहा हुंगून एक उचलणार, आणि ते एक कधी फिकं निघायचं नाही.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा आबा पेन्शनीत निघून घरी बसले होते. त्यांच्या आणि आमच्या परड्यात एक कुडाची भिंत काय ती. माझं माहेर सांगलीचं, सातवी पास, आणि तोंड फटकळ. सासूबाई म्हणायच्या, ही सून आणली का वकील? आबांचा माझ्यावर पहिल्यापासून जीव, कारण त्यांचा उद्योग बघून फिदीफिदी हसली नाही अशी गावात मी एकटीच.

उद्योग बघण्यासारखाच होता. खरबूज रात्रभर पोहऱ्यात घालून विहिरीत सोडायचं, कारण बर्फ आणायचा कुठून? सकाळी त्याचा गर काढून मलमलीतून गाळायचा. लिंबू, चिमूटभर सैंधव, खडीसाखरेची पूड. पुदिन्याची पानं वाटायची नाहीत, दोन तळव्यांत धरून एकदाच टाळी वाजवायची. मग सगळं तांब्यात ओतून वर फुलपात्र पालथं घालायचं, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून खांद्याशी असं खळाखळा हलवायचं की परड्यातल्या कोंबड्या पळायच्या. मेसमधून आणलेला एकच काचेचा पेला होता, त्यात ओतायचं. "काकटेल म्हंजी मिसळ, सूनबाई. साहेब त्यात जिन घालायचा. आपुन घरात बिगरजिनचं करायचं. पोटाला थंड आन् पापबी न्हाई." अगं बाई, काय तो वास! पहिल्यांदा प्याले तेव्हा वैशाखातलं ऊन मी विसरून गेले होते.

पुदिना न्हाणीच्या सांडपाण्यावर लावलेला होता. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला आबांना खपायचा नाही. मी एकदा घाईत काडी ओढली तर केवढे कडाडले! "उपटू नगं! शेंडा खुडायचा. मूळ ऱ्हायलं तर पुन्यांदा फुटतंय." मी रागानं पानं तिथंच टाकून आले. संध्याकाळी तेच पेला घेऊन कुडाशी उभे. रुसवा काढायची त्यांची एवढीच रीत.

आबांची बायको सोनाआक्का. ठेंगणी, काळीसावळी, दिवसभर कामात. खरबूज म्हणजे तिचा जीव की प्राण. पण मी तिला कधी खाताना पाहिलं नाही. तिचा एकुलता एक लेक शंकर लढाईवर गेला, तेव्हा मोटारीत बसायच्या आधी त्याच्यासमोर तिनं खरबूज सोडलं. आपल्याकडे बायका सोडतातच, नवसापायी कुणी केळं सोडतं, कुणी वांगं. आक्का म्हणाली होती, "तू आलास की तुझ्या हातनंच खाईन." आबांनीही त्याच दिवशी मेसमधून आणलेली जिनची अर्धी बाटली लाखेनं बंद करून फळीवर ठेवली. शंकर परत आला की बाप-लेकासाठी म्हणून नव्हे, शंकरबरोबर जे त्याचे सोबती येतील त्यांच्यासाठी. पलटणीची रीत, म्हणायचे.

आबा दर उन्हाळ्यात पहिला पेला आक्कासमोर धरायचे. "घे की गं, घोटभर." ती तोंड फिरवायची. "आवं, शंकर येऊ द्या की." मग आबा तो पेला मला द्यायचे. हे इतकं ठरलेलं होतं की त्यात काही दुःख आहे असं तेव्हा वाटायचं नाही.

शंकर गेल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात पत्र आलं. आबांना चार अक्षरं लागायची, पण सरकारी कागद ते स्वतः वाचायचे नाहीत. आक्का नदीवर गेलेली बघून ते कुडाशी आले. "सूनबाई, वाच. बारीक आवाजात वाच." मी वाचलं. शंकर ब्रह्मदेशात कामी आला होता. वाचून झालं तरी आबा तसेच कान देऊन उभे, पुढं आणखी काही असेल म्हणून. पुढं काही नव्हतं. मग म्हणाले, "हे तुझ्यापाशी ठेव. तिला कळता कामा न्हाई. ती मरंल."

मी म्हणाले, "आबा, हे पाप आहे. त्याचे दिवस कोण घालणार?"

"पाप माझं. तू नुसतं ठेव."

मी ठेवलं. तांदळाच्या डेऱ्यात, तळाशी. आज विचाराल तर तेव्हा ठामपणे नाही म्हणायला हवं होतं, एवढं मला कळतं. पण त्या माणसाचा चेहरा बघून माझी वकिली जिरली. थोड्या वेळानं आक्का धुणं घेऊन आली, तेव्हा आबा न्हाणीपाशी उकिडवे बसून पुदिना लावत होते. मुळासकट उपटलेली काडी परत मातीत दाबत होते. आक्कानं पिळे दोरीवर टाकले आणि विचारलं, "काय करताय?" ते म्हणाले, "काय न्हाई. उपटला चुकून." ती बरं म्हणाली आणि चुलीकडं गेली.

त्यानंतरही पहिला पेला चुकला नाही. आबा धरायचे, आक्का तोंड फिरवायची, "शंकर येऊ द्या की" म्हणायची, आणि आबा "व्हय, येऊ दे" म्हणायचे. ते "येऊ दे" ऐकलं की मला घरात पळून जावंसं वाटायचं. पेला माझ्या हातात यायचा. मी तो परड्यात ओतून द्यायची, देवाशपथ.

मग लढाई संपली आणि गावात पोरं परत यायला लागली. मोटार आली की आक्का कपाळावर हात धरून फाट्याला उभी. कुणाचा पाय गेलेला, कुणी धड. ती प्रत्येकाच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडायची. "आमचा शंकर?" असं तिनं एकालाही विचारलं नाही. मला वाटायचं, वाईट ऐकायची भीती वाटत असेल बिचारीला. आबांना कुणी काही विचारलं तर म्हणायचे, "कैदेत हाय. सुटका व्हायाची हाय." गावानंही कैदच खरी धरली. आता वाटतं, अर्ध्या गावाला संशय असणार. पण आक्काचं तोंड बघून कोण बोलणार?

पुढच्या वैशाखात आक्काला ऊन लागलं. खळ्यावरून आली ती आडवीच झाली. ताप उतरेना, पोटात पेज ठरेना, पाणीसुद्धा उलटून पडायचं. वैद्यांनी सांगितलं, फळांचा रस चमच्या-चमच्यानं जाऊ द्या, रस राहिला तर बाई राहील. त्या दिवसांत खरबुजाशिवाय फळ कुठलं? आबांनी तांब्या हलवला, पेला भरला, तिच्या उशाशी बसले. तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. ओठांना भेगा पडल्या होत्या, डोळे खोल गेले होते, आणि ही बाई "शंकर येऊ द्या" म्हणते!

माझा संयम सुटला. आबांना परड्यात गाठलं. "सांगून टाका तिला! नवस सुटेल तरी. रस न घेता मरेल ती."

"आन् सांगितल्यावर जगंल?" आबा म्हणाले. मग कूड धरून ढसाढसा रडले. "माझ्या तोंडानं न्हाई व्हायचं गं, सूनबाई. न्हाई व्हायचं."

"मग मी सांगते."

त्यांनी अडवलं नाही. मी डेऱ्यातलं पत्र काढलं, कमरेला खोचलं आणि त्यांच्यामागून आत गेले. आबांच्या हातात ताजा पेला होता. मी आक्काच्या पायाशी बसले. तोंड उघडणार, तोच ती आबांना म्हणाली, "फळीवरची बाटली काढा. ओता त्यात."

आबांना कळलंच नाही. "कंची बाटली?"

"शंकरची." थांबत थांबत बोलत होती. "आता कुणासाठी ठिवलीया ती?"

आबांनी पेला खाली ठेवला. मी म्हणाले, "आक्का, तुला... कधी कळलं?"

"पुदिना उपटला की ह्यांनी," ती म्हणाली. "जल्मात कवा उपटला न्हवता." मग आबांकडं बघून म्हणाली, "तुमी लपवत हुता. म्हनलं, लपवू द्या. शंकर येणार म्हनत हुता तवर तुमी जेवत तरी हुता."

तीन वर्षं! तीन वर्षं ही दोघं एकमेकांसाठी तो पेला पुढं करत आणि मागं सारत होती, आणि मी शहाणी मध्ये उभी होते. आबांनी लाख फोडली, बाटलीतली जिन पेल्यात ओतली. आक्काला धरून बसवलं. तिनं एक घोट घेतला, तोंड कडू केलं, दुसरा घेतला. "ग्वाड हाय पर," म्हणाली. एवढंच पोटात राहिलं. उरलेला पेला आबांनी तोंडाला लावला आणि न थांबता संपवला. त्यांनी दारू चाखली ती तेवढीच. आक्का त्या रात्रीतून निघाली नाही. दोन दिवस आधी घेतलं असतं तर, असं वैद्य म्हणाले. ते मी आबांना कधी सांगितलं नाही.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर होतो. पिंड मांडला, आबांनी शेजारी खरबुजाची फोड ठेवली. मग खाली बसून स्वतःच्या हातानं भाताचा दुसरा पिंड वळायला घेतला. भटजी म्हणाले, "आबा, हा कुणाचा?"

"लेकाचा," आबा म्हणाले. "माझ्यापायी तीन वर्सं उपाशी हाय त्यो."

आबांनी दोन्ही पिंड शेजारी शेजारी ठेवले, हात धुतले आणि माझ्याकडं वळले. "सूनबाई, पत्र हाय न्हवं? वाच. आता मोठ्यानं वाच." मी पदर सावरून उभी राहिले आणि त्या दिवसापासून कमरेलाच असलेलं शंकरचं पत्र काढून गावादेखत वाचलं.