बाईंचे हरवलेले शब्द

शिकवता शिकवता एखादा शब्द सापडला नाही, तर आमच्या बाई तो टाळून पुढे जात नसत. सरळ थांबत, फळ्याच्या कोपऱ्यात एक रिकामी रेघ ओढत आणि विचारत, "हितं काय यायला पाहिजे, कुणाला आठवतंय?" कुणी सांगितलं की तो शब्द रेघेवर लिहून तास पुढे चालू. मागच्या बाकांवर हसू फुटायचं. बाई हसू देत.

सांगलीतल्या विश्रामबागेच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. माहेर आटपाडीकडचं, मेंढपाळाचं. पन्नाशीला टेकल्या तरी आवाज माळावर हाळी देणाऱ्याचा. मेंदू शिकवताना म्हणायच्या, "मेंढरं रोज जातात ती वाट ऱ्हाती, बाकीच्यांवर गवत उगवतं. लहान पोराच्या मेंदूत असंच हुतं."

एकदा हार्मोन्सचा तास होता. इस्ट्रोजेन म्हटल्याबरोबर आम्हा मुलींच्या माना खाली गेल्या.

"माना वर करा," बाई म्हणाल्या. "मेंदूबद्दल बोलतोय आपण. हे नुसतं पाळीचं काम करत न्हाई. उंदराच्या माद्यांत बघितलंय, इस्ट्रोजेन वाढलं की चेतापेशींच्या फांद्यांवर बारीक कोंब फुटतात, उतरलं की कमी हुतात. त्या कोंबांवरच एका पेशीचा निरोप दुसरीला मिळतो. पन्नाशीच्या आसपास ते आटतं, तवा मेंदूला नव्यानं घडी बसवावी लागती. माझं सध्या तेच चाललंय."

मला रडूच आलं. आई तासगावात बेदाण्याच्या शेडवर निवडणाऱ्या बायकांची मुकादम होती. वर्षभर तिला धड झोप नव्हती, अंगातून वाफा निघायच्या, बायकांची नावं आठवायची नाहीत. शेवटी तिनं शेडवर जाणंच सोडलं. तिची मावशी म्हातारपणी भ्रमिष्ट होऊन गेली होती. भांडी घासताना आई भावंडांची नावं पुटपुटायची आणि चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

तास संपल्यावर मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी सल्ला दिला नाही. रविवारी एसटीनं थेट आमच्या घरी आल्या.

आईनं चहा ठेवला. "पोरीनं उगंच तुमाला तरास दिला बाई. मला काय झालं न्हाई."

"मला झालंय," बाई म्हणाल्या. "पंचवीस वर्सं शिकवतीय, आन् परवा वर्गात यकृत हा शब्द आठवंना."

आई बघतच राहिली. "तुमालाबी असं व्हतंय?"

"व्हय. पाळी जाताना लय जणींना हुतं. बहुतेकींचं हळूहळू ठिकाणावर येतं. तरी डॉक्टरला दाखवू. कधी कारण दुसरंबी असतंय."

"म्हंजी याड न्हाई लागायचं?"

"न्हाई वो ताई."

आईनं पदर तोंडाला लावला. किती तरी वेळ ती रडत होती. तिचा गार झालेला चहा उचलून बाईंनी पुन्हा गॅसवर ठेवला.

पुढच्याच आठवड्यात बाई तिला सांगलीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. रक्त कमी निघालं, त्यावर गोळ्या मिळाल्या. बाकी सगळं बाई म्हणाल्या तसंच होतं. बेदाण्याचा हंगाम सुरू झाला आणि आई शेडवर परत गेली. झोप लागायला, नावं जिभेवर यायला दीड-दोन वर्षं लागली, पण आली. मधल्या काळात तिनंच बाईंना शेडवर बोलावलं. मग महिन्यातून एकदा बाई तिथं पोत्यावर बसून बायकांशी पाळीबद्दल, मेंदूबद्दल बोलायच्या. आधी आईच तेवढी प्रश्न विचारायची, नंतर सगळ्याच विचारू लागल्या.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला आई शेडवरच्या नऊ जणींना घेऊन आली. कॉलेजचं फाटक ओलांडायची त्यांची पहिलीच वेळ. दाराशी एका सरांनी अदबीनं विचारलं, "आपण बाईंच्या नातेवाईक का?"

"न्हाई," आई म्हणाली. "आमी त्यांच्या इद्यार्थिनी."

सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा त्या दहाही जणी भिंतीकडेला खाली बसल्या. बाई व्यासपीठावरून उतरल्या आणि हार तसाच गळ्यात ठेवून त्यांच्या मधोमध मांडी घालून बसल्या. भाषणं करणाऱ्यांना मग तिकडेच तोंड करून बोलावं लागलं.