प्याल्याला आधी ओठ कुणाचे

हात पुढे केला होता मी. ट्रेमध्ये सरबताचे काचेचे ग्लास होते. बाईसाहेबांनी ट्रे माझ्यासमोरून तसाच पुढे नेला आणि म्हणाल्या, "तुझा मागच्या दाराशी आहे गं. तुझ्या आईला माहीत आहे."

माहीत होताच. मोरीजवळच्या कोनाड्यात पालथा घातलेला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पेला. आई त्यांच्याकडे धुणीभांडी करायची, तिच्या चहाचा. बाकीची पोरं हॉलमध्ये बसून पीत होती, मी मोरीपाशी उभ्यानं प्यायले. पेला विसळला, पालथा घातला. घाल म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं. त्याचीच मला अजून जास्त चीड येते.

आणि घर कुणाचं? ख्रिस्ती माणसाचं. मीही ख्रिस्तीच.

तेव्हा चिंचवडला कंपन्यांवर कंपन्या उभ्या राहत होत्या. बाप नगरकडून येऊन फाउंड्रीत लागला, काळेवाडीत पत्र्याची खोली घेतली. आम्ही मूळचे मांगवाड्यातले. आज्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याला सांगितलं होतं, आता जात गेली. बाईसाहेबांचे यजमान दादासाहेब आमच्या चर्चचे कारभारी, कंपनीत मोठे इंजिनिअर. त्यांच्याही आजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला, पण ते ब्राह्मणाचे ख्रिस्ती. हे दादासाहेब उठता बसता ऐकवायचे. पाणी एकच, पण त्या पाण्यानं ना आमची जात गेली, ना त्यांची.

पहिलं प्रभुभोजन घेण्याआधी आम्हा मोठ्या पोरांची विश्वासाची शिकवणी असायची. ती दादासाहेब घ्यायचे, आपल्याच हॉलमध्ये, रविवारी दुपारी. आवडता विषय, खोटा विश्वास.

"ख्रिस्त कोण?" ते विचारायचे.

"खरा देव आणि खरा मनुष्य," आम्ही एका सुरात.

"यातलं अर्धं नाकारलं तर?"

"खोटा विश्वास!"

येशूला नुसता साधू म्हणणारे, गुरू म्हणणारे, अशांपासून लांब राहा, असं ते बजावायचे. बापाचा कंपनीतला जोडीदार आळंदीकडचा, गळ्यात तुळशीची माळ. तो नेमकं हेच म्हणायचा, "तुमचा येशू म्हंजी मोठा संतच की वो!" दादासाहेबांच्या हिशेबानं तो बुडालेला. पण जेवणाच्या सुट्टीत बापाच्या डब्यातली भाकरी मोडताना त्याचा हात कधी अडला नाही.

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला सगळ्यांसाठी द्राक्षारसाचा एकच प्याला. वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे आणि पाळकसाहेब उजव्या टोकापासून एकेकाच्या ओठाला प्याला लावत जाणार. आधी दादासाहेबांचं घर, मग बंगलेवाले, शेवटी काळेवाडीचे आम्ही. असा नियम नव्हता, नुसती रीत. आई म्हणायची, "मागं बसलं की मागनंच जावं लागतं." मीही तेच खरं धरून चालले होते. सरबत प्यायले त्या दिवशी डोक्यात लख्ख उजेड पडला, आमच्या ओठांमागून त्यांना प्यायचं नव्हतं.

आमचा रविवार आला. आईनं माझ्यासाठी पांढरी साडी आणली होती, स्वतःच्या हातानं वेणी घातली होती. माझी पोर भोजनाला जाणार म्हणून आख्ख्या चाळीत सांगून आली होती. पाळकसाहेबांनी हाक दिली तशी मी शेवटच्या बाकावरून उठले. आईनं पदर धरला. "थांब की गं, आपली येळ यायचीय अजून."

मी पदर सोडवला. सरळ जाऊन उजव्या टोकाला गुडघे टेकले. दादासाहेब शेजारी टेकले. त्यांना वाटलं पोरगी चुकली. हळूच म्हणाले, "मागे जा."

मी हलले नाही.

पाळकसाहेब घुटमळले. पण प्याला हातात आणि सगळी मंडळी बघतेय. दिला मला. मी प्यायले. त्यांनी फडक्यानं कड पुसली, सगळ्यांचीच पुसायचे, आणि प्याला दादासाहेबांपुढे धरला.

दादासाहेबांनी तोंड मिटून घेतलं.

यात ख्रिस्ताचं रक्त आहे, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आणि माझा ओठ लागला म्हणून त्यांनी त्या रक्ताकडून मान फिरवली. बाईसाहेबांनी तोंडाला रुमाल लावला. प्याला तसाच पुढे गेला.

त्याच आठवड्यात आईचं काम सुटलं. मला चर्चच्या पंचांपुढे उभं केलं. मधोमध दादासाहेबच. "पवित्र भोजनाचा अपमान केलास. माफी माग, नाहीतर पुन्हा प्याला मिळणार नाही."

आई दाराशी रडत होती. "माग की गं. तोंड झिजतंय व्हय तुझं?"

मी विचारलं, "ख्रिस्त खरा मनुष्य ना, दादासाहेब? सुताराचं पोर ते. तुमच्या दारी आलं असतं तर त्याला काचेचा ग्लास दिला असता का जर्मनचा पेला?"

"उद्धट कार्टी," ते म्हणाले.

माफी मी मागितली नाही. प्याला बंद झाला. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. पुढे बोलायला लागली, पण माझं तिला पटलं होतं का, ते कधीच म्हणाली नाही. मरेपर्यंत ती शेवटच्या बाकावर बसली आणि शेवटीच प्यायली. ते मी कुणालाच माफ करणार नाही.

बऱ्याच वर्षांनी नवे पाळक आले. बंदी उठवली. म्हणाले, "या बाई, झालं गेलं विसरा."

विसरायला काय झालंय? मी जाते आणि दर वेळी उजव्या टोकालाच गुडघे टेकते. माझ्यामागून ज्याला प्यायचंय त्यानं प्यावं. ज्याला जमत नाही त्यानं खुशाल तहानलेलं घरी जावं, आणि तिथं बसून पोरांना खोटा विश्वास शिकवावा. मी मागे सरकणार नाही.